मेळाचा हिशेब

लग्न जुळवताना आपल्याकडे एक आकडा हमखास विचारला जातो. 36 पैकी गुण किती जुळले? 18 च्या वर गेले की बोलणी पुढे सरकतात. खाली राहिले की कुणीतरी ‘बघू’ म्हणते. या आकड्यामागची कल्पना पत्रिकेपुरती नाही. मुलगा कसा आहे आणि मुलगी कशी आहे, याखेरीज ‘दोघांचा मेळ’ अशी एक तिसरी गोष्ट असते आणि संसाराचे सुख तिच्यावर अवलंबून असते, असे आपण मानतो. माणूस आणि त्याची नोकरी, विद्यार्थी आणि त्याची शाळा, स्थलांतरित आणि त्याचे नवे गाव यांच्याबद्दलही आपण हेच बोलतो. विसाव्या शतकातल्या समाजशास्त्रांनी ही कल्पना आपलीशी केली आणि ती आकड्यांत पकडण्याचा प्रयत्न केला.

प्रश्न असा, की मेळ ही खरोखर तिसरी गोष्ट आहे की दोन गोष्टींचीच सावली? आणि ते ठरवायचे कसे? या प्रश्नाचा इतिहास लंडन-केंब्रिजमधून जातो, तसा तो मालवण, कोल्हापूर आणि पुण्यातूनही जातो. त्याची ही दुसरी वाट आपल्याकडे फारशी सांगितली गेलेली नाही. ती इथे मांडायची आहे.

सारसोळ्यातला प्रश्न

मी सारसोळ्यात राहतो. आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले, पण हा प्रश्न सगळ्यात ठळकपणे मला याच गावात दिसला. सारसोळे हे नेरूळच्या पोटात शिरलेले आगरी-कोळ्यांचे गाव. एका अंगाला इमारती, दुसऱ्या अंगाला पाम बीच रस्ता, आणि रस्त्यापलीकडे खारफुटी, जेट्टी, खाडी. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 1965 मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. 17 मार्च 1970 रोजी सिडको स्थापन झाली. 95 गावांच्या जमिनी नव्या शहराच्या आराखड्यात आल्या. सारसोळे त्यांपैकी एक. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये जासईला जे आंदोलन झाले आणि त्यात जी माणसे गोळीबारात गेली, त्यांची आठवण इथल्या घराघरांत आहे.

या शहराच्या आराखड्यात मेळाची एक स्पष्ट कल्पना होती. प्रत्येक नोड शक्यतो स्वयंपूर्ण असावा, माणसाला घराजवळ काम मिळावे, मुंबईकडे रोज वाहणारा लोंढा थांबावा. मूळ गावकऱ्यांच्या बाबतीत मात्र दुसराच मेळ कळीचा ठरला: हाताला येणारे काम आणि हाती आलेले काम यांचा. भरती-ओहोटी वाचणारा, जाळे विणणारा, मिठागरात राबलेला माणूस एकाएकी रखवालदार झाला, चालक झाला, कंपनीत हेल्पर झाला. त्याच्या मुलांनी पदव्या घेतल्या, त्यांतल्या काहींना पदवीजोगे काम मिळाले, काहींना नाही.

गावच्या बैठकीत या असमाधानाची दोन कारणे ऐकू येतात. एक मत असे: काम वाईट नाही, पण ते आपल्या हाताचे नाही, मेळ बसला नाही. दुसरे मत असे: मेळाबिळाचे सोडा, कामच हलके आहे, पगार कमी आहे, ते कुणालाही दिले तरी तो कुरकुरेल. दोन्ही मते वरवर सारखी वाटतात. पण त्यांच्यावरून निघणारे उपाय वेगळे आहेत. पहिले खरे असेल तर प्रशिक्षण हवे, किंवा खाडीशी जोडलेले व्यवसाय टिकवायला हवेत. दुसरे खरे असेल तर प्रशिक्षणाच्या वर्गांवर खर्च करून काही होणार नाही. पगार आणि कामाचा दर्जा वाढवावा लागेल. म्हणून मेळाचा हिशेब नीट करणे ही केवळ शास्त्रीय हौस नाही.

वजाबाकीचा मोह

मेळ मोजण्याचा सोपा मार्ग म्हणजे वजाबाकी. माणसाचे कौशल्य 10 पैकी किती, कामाला लागणारे कौशल्य 10 पैकी किती, दोन्हींतला फरक काढायचा. फरक कमी तितका मेळ जास्त. मग फरक आणि समाधान यांचा संबंध पाहायचा. समाजशास्त्रांत अनेक वर्षे हेच चालत होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ली क्रॉनबॅक यांनी 1958 मध्येच अशा फरकाच्या गुणांबद्दल सावध केले होते. पुढे 1993 मध्ये जेफ्री एडवर्ड्स आणि मार्क पॅरी यांनी त्याला पर्याय मांडला.

त्यांचा आक्षेप साध्या उदाहरणाने समजतो. एकाचे कौशल्य 2 आणि कामही 2 चे. दुसऱ्याचे कौशल्य 8 आणि काम 8 चे. दोघांचा फरक शून्य. वजाबाकीच्या मते दोघे सारखेच सुखी असायला हवेत. प्रत्यक्षात पहिला बिगारी आहे आणि दुसरा निष्णात कारागीर. आता तिसरा घ्या: कौशल्य 8, काम 3 चे. तो नाखूश आहे. पण तो फरक 5 आहे म्हणून नाखूश आहे, की काम 3 चे आहे म्हणून? वजाबाकी केल्याबरोबर हा प्रश्न विचारण्याची सोयच नाहीशी होते. दोन भांड्यांतले पाणी एका भांड्यात ओतल्यावर कुठले किती होते ते कसे सांगणार?

एडवर्ड्स-पॅरींचा उपाय म्हणजे दोन्ही मापे वेगळी ठेवायची. कौशल्याला ‘क’ म्हणू, कामाला ‘म’. फरकाचा वर्ग शाळेतल्या सूत्राने उलगडतो: क² − 2कम + म². म्हणजे ‘समाधान फक्त मेळावर अवलंबून आहे’ असे म्हणणाऱ्याने नकळत चार अटी मान्य केलेल्या असतात. एक, नुसत्या ‘क’चा वेगळा परिणाम शून्य. दोन, नुसत्या ‘म’चा वेगळा परिणाम शून्य. तीन, दोन्ही वर्गांचे वजन अगदी सारखे. चार, गुणाकाराचे वजन त्याच्या बरोबर उणे दुप्पट. माहिती गोळा करून ही वजने मोकळेपणी काढायची आणि मग चारही अटी पाळल्या जातात का ते पाहायचे.

इथे खरी अडचण सुरू होते. चारही अटी ‘इतके आणि तितके सारखे आहे’, ‘अमुक शून्य आहे’ अशा प्रकारच्या आहेत. मेळ सिद्ध करायचा तर ‘फरक नाही’ हे सिद्ध करावे लागते. आणि विसाव्या शतकात जगभर शिकवली गेलेली संख्याशास्त्रीय चाचणी नेमके हेच करू शकत नाही.

नाक, कवटी आणि ‘नाही’ म्हणण्याचे धाडस

ही अडचण केवळ तांत्रिक नव्हती, हे समजण्यासाठी आपल्या इतिहासातले एक प्रकरण पाहिले पाहिजे. हर्बर्ट रिस्ले हा ब्रिटिश अधिकारी 1901 च्या जनगणनेचा आयुक्त होता. त्याआधी 1891 मध्ये बंगालच्या जातीजमातींवरच्या ग्रंथात त्याने नाकांची मापे छापली. नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले 100, असा ‘नासिकांक’ काढायचा. रिस्लेचा दावा असा, की जातीची सामाजिक पायरी आणि नासिकांक यांचा मेळ आहे: नाक जितके अरुंद तितकी पायरी वरची. जात म्हणजे वंश, हे त्यातून सिद्ध होते असे त्याला वाटे. 1901 च्या जनगणनेत जातींची उतरंड लावली गेली, तीही त्याच्याच देखरेखीखाली.

हा दावा तपासायला घेतला तो मालवणात 1893 मध्ये जन्मलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी. 1924 पासून मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची धुरा त्यांच्याकडे होती. 1932 मध्ये त्यांचा ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ हा ग्रंथ निघाला. त्यांनी मापे प्रांतवार पुन्हा मांडली. आजच्या उत्तर प्रदेशाच्या भागात जातींची उतरंड आणि शरीरमापे यांत काहीसा मेळ त्यांना दिसला. महाराष्ट्रासह इतर भाषिक प्रदेशांत मात्र तो दिसला नाही. 1933 मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी रिस्लेच्या आकड्यांची झाडाझडती घेऊन त्यांतल्या चुका दाखवल्या. आणि 1948 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात घुर्यांच्या आधाराने युक्तिवाद केला, की मापांवर विश्वास ठेवायचा असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे ठरत नाहीत. अस्पृश्यतेचे मूळ वंशात शोधणे फोल आहे. नाकाच्या मापावरून सुरू झालेला वाद माणसाच्या माणूसपणाच्या हक्कापर्यंत पोचला होता.

याच काळात बर्लिनमध्ये इरावती कर्वे अशाच एका दाव्याला सामोऱ्या गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची अटकळ अशी होती, की युरोपीय माणसाच्या कवटीच्या उजव्या-डाव्या बाजू इतरांपेक्षा अधिक असमान असतात आणि ही असमानता श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या. असमानता आणि वंश यांचा संबंध त्यांना आढळला नाही आणि त्यांनी तसे लिहिले. ज्या संस्थेत वंशश्रेष्ठत्वाचे तत्त्वज्ञान घडत होते, तिथे एका विद्यार्थिनीने ‘नाही’ लिहिणे सोपे नव्हते. पुढे डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी आणि वि. म. दांडेकर यांनी महाराष्ट्रातल्या शरीरमापांचा अभ्यास केला. तो 1951 मध्ये प्रसिद्ध झाला.

या सगळ्यांच्या लेखनात एक समान गोष्ट आहे. त्यांना ‘संबंध नाही’ असे म्हणायचे होते आणि ते म्हणण्याला मोठा सामाजिक अर्थ होता. त्यांनी ते तुलना करून, तर्काने, धैर्याने म्हटले. परंतु ‘नाही’ला किती पुरावा आहे, हे आकड्यात सांगण्याचे हत्यार त्यांच्या काळच्या प्रचलित संख्याशास्त्रात नव्हते. रोनाल्ड फिशर यांनी (बर्लिनचे फिशर वेगळे) रूढ केलेल्या चाचणीत ‘फरक नाही’ हे शून्य गृहीतक धरायचे आणि माहिती त्याच्याशी फारच विसंगत असेल तर ते फेटाळायचे. फेटाळता आले नाही तर? तर काहीच ठरत नाही. फिशर यांनीच 1935 मध्ये स्पष्ट लिहिले, की शून्य गृहीतक कधी सिद्ध होत नसते. आरोपी दोषी ठरू शकतो. निर्दोष ठरण्याची सोय या न्यायालयात नाही. अशा न्यायालयात रिस्लेसारख्याला नेहमी म्हणता येते: संबंध आहे, फक्त तुमची मापे अपुरी आहेत.

बोंबलांची पेटी

दुसरे न्यायालय उभारले ते हॅरल्ड जेफ्रीज यांनी. ते मुळात भूगर्भशास्त्राचे. पृथ्वीचा गाभा द्रवरूप आहे, हे 1926 मध्ये त्यांनी दाखवून दिले. भूकंपाच्या लहरींची विस्कळीत माहिती हाताळताना त्यांना पडलेला प्रश्न असा, की साधा नियम आणि थोडासा गुंतागुंतीचा नियम यांतून निवड कशी करायची?

आधार होता अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ या पाद्र्याच्या निबंधाचा. तो त्याच्या मृत्यूनंतर 1763 मध्ये छापला गेला. बेझचा विचार आपण रोज वापरतो. एखाद्या गोष्टीवर आधी काही विश्वास असतो. नवी माहिती येते. ती माहिती दोन्ही शक्यतांखाली किती अपेक्षित होती ते पाहून विश्वास वरखाली करायचा. आधीच्या विश्वासाला पूर्वसंभाव्यता म्हणतात. अडचण ही, की आधी काहीच माहीत नसेल तर सगळ्या शक्यतांना सारखे वजन द्यावे, हा जुना प्रघात नियमांच्या बाबतीत भलताच निष्कर्ष देतो.

समजा, जेट्टीवर 1000 मासळ्यांची पेटी उतरली. त्यातल्या 100 उचलून पाहिल्या, सगळे बोंबील. पेटीत सगळेच बोंबील असण्याची संभाव्यता किती? पेटीत बोंबील 0 ते 1000 पैकी कितीही असू शकतात आणि प्रत्येक संख्येला आधी सारखेच वजन, असे धरले तर उत्तर येते 1001 भागिले 101 च्या उलट, म्हणजे 101/1001. जेमतेम 10 टक्के! कुठलीही कोळीण या उत्तराला हसेल. सी. डी. ब्रॉड यांनी 1918 मध्ये ही अडचण मांडली. त्यानंतर डोरोथी रिंच आणि जेफ्रीज यांनी तिच्यावर उपाय सुचवला: नियमाला, म्हणजे ‘सगळे बोंबीलच’ किंवा ‘फरक शून्यच’ या विधानाला, सुरुवातीलाच स्वतंत्र आणि भरीव वजन द्यायचे. समजा, निम्मे. उरलेले निम्मे बाकीच्या शक्यतांत वाटायचे. मग माहितीला बोलू द्यायचे.

1935 च्या एका निबंधात आणि 1939 च्या ‘थिअरी ऑफ प्रोबॅबिलिटी’ या ग्रंथात जेफ्रीज यांनी याची चाचणी बनवली. ‘फरक नाही’ असे धरल्यास हाती आलेली माहिती मिळण्याची संभाव्यता, आणि ‘फरक आहे’ असे धरल्यास ती मिळण्याची संभाव्यता. दोहोंचे गुणोत्तर म्हणजे पुराव्याचे वजन. ते 8 आले तर माहिती ‘नाही’कडे आठास एक झुकते, 1/8 आले तर ‘होय’कडे तितकीच झुकते, 1 च्या आसपास आले तर माहिती गप्प आहे. आज याला बेझ-गुणोत्तर म्हणता येईल.

सारसोळ्यासारख्या गावात अशी कल्पना करू: पगार, वय, शिक्षण सारखे असलेल्या माणसांच्या 100 जोड्या लावल्या, प्रत्येक जोडीत एकाचे काम त्याच्या हाताशी जुळणारे, दुसऱ्याचे न जुळणारे. किती जोड्यांत जुळणारा अधिक समाधानी? 50 जोड्यांत, असे उत्तर आले तर गुणोत्तर ‘मेळाने फरक पडत नाही’च्या बाजूने सुमारे 8 येते. 60 जोड्यांत, असे आले तर? रूढ चाचणीत ते 5 टक्क्यांच्या प्रसिद्ध रेषेला जवळजवळ टेकते आणि शोधनिबंध लिहिण्याचा मोह होतो. जेफ्रीज यांच्या हिशेबात गुणोत्तर येते सुमारे 1.1. म्हणजे माहितीने कुणाचीच बाजू घेतलेली नाही.

कोल्हापूर ते केंब्रिज

या जेफ्रीज यांच्याकडे संशोधनासाठी गेला एक कोल्हापूरकर. वसंत शंकर हुजूरबाजार यांचा जन्म 1919 चा, कोल्हापूरचा. शिक्षण राजाराम कॉलेजातून सुरू झालेले. केंब्रिजमध्ये जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी 1949 मध्ये डॉक्टरेट मिळवली. फिशर यांचा दरारा जगभर असताना आणि बेझचे नाव जवळपास टाकून दिलेले असताना ते या अल्पसंख्याकांच्या घरात शिकत होते.

1950 मध्ये त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता परस्परलंब प्राचल. शब्द जड आहे, गोष्ट तितकी जड नाही. जाळ्याची एक दोरी ओढली की दुसरीही हलते. अज्ञात राशींचेही तसेच असते: एकीबद्दलचा अंदाज बदलला की दुसरीचा अंदाजही बदलतो. अशा वेळी ‘या एका राशीची किंमत शून्य आहे का?’ हा प्रश्न स्वच्छपणे विचारता येत नाही, कारण बाजूच्या राशी त्यात लुडबूड करतात. जेफ्रीज यांच्या चाचणीला हे फार नडते. म्हणून राशींची मांडणीच अशी बदलायची, की एकीबद्दलची माहिती दुसरीत सांडणार नाही. हे कधी आणि कसे करता येते, याचा हुजूरबाजारांनी शोध घेतला. आपल्या मेळाच्या प्रश्नात ‘क’चे वजन, ‘म’चे वजन आणि दोहोंच्या गुणाकाराचे वजन एकमेकांत किती गुंतलेले असते, हे ज्याने एकदा प्रत्यक्ष आकडेमोड केली आहे त्याला सांगावे लागत नाही.

1953 मध्ये ते पुणे विद्यापीठात आले आणि गणित व संख्याशास्त्र विभाग त्यांनी उभा केला. 1960 चे केंब्रिजचे ॲडम्स पारितोषिक त्यांना मिळाले, 1974 मध्ये पद्मभूषण. 1991 मध्ये ते गेले. मराठी वाचकाला त्यांचे नाव क्वचितच माहीत असते. त्यांच्या भाच्याचे मात्र प्रत्येकाला माहीत आहे: जयंत विष्णु नारळीकर.

पत्रिका आणि 102 उत्तरे

2008 मध्ये नारळीकरांनी फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. त्यांच्यासोबत होते पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे. मामांनी रुजवलेल्या संख्याशास्त्राच्या घरातला माणूस आणि भाचा, असे दोघे एका कामात होते. 100 हुशार विद्यार्थ्यांच्या आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका तयार केल्या. ज्योतिषाला त्यांतल्या 40 दिल्या. प्रत्येक पत्रिका कोणत्या गटातली, ते सांगायचे. 51 ज्योतिषांनी पत्रिका मागवल्या, 27 जणांची उत्तरे आली. सरासरी यश 46 टक्के. सर्वांत चांगले उत्तर 40 पैकी 24 बरोबर. एका संस्थेने सगळ्या 200 पत्रिका तपासल्या. त्यांची 102 उत्तरे बरोबर आली. 2009 मध्ये हे ‘करंट सायन्स’मध्ये छापले गेले.

रूढ भाषेत निष्कर्ष असा: यश नाणेफेकीपेक्षा सरस असल्याचे दिसत नाही. इथे ज्योतिषाचा पाठीराखा म्हणू शकतो, ‘दिसत नाही, म्हणजे नाहीच असे कुठे?’ म्हणून मी हुजूरबाजारांच्या गुरूंच्या पद्धतीने 200 पैकी 102 चा हिशेब मांडून पाहिला. एका बाजूला निव्वळ नाणेफेक. दुसऱ्या बाजूला ‘यशाचे प्रमाण निम्म्याहून जास्त आहे, पण नेमके किती ते माहीत नाही’ हा दावा. गुणोत्तर येते सुमारे 9, नाणेफेकीच्या बाजूने. म्हणजे माहिती नुसती गप्प नाही. ती ‘नाही’ म्हणते आहे, नवास एक या जोराने. आणि 40 पैकी 24 वाल्याचे? सुमारे 1.3, तेही नाणेफेकीच्याच बाजूने. सर्वांत चांगल्या ज्योतिषालाही पुराव्याने साथ दिलेली नाही.

पण प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. समजा, पाठीराखा नमते घेऊन म्हणाला, ‘आमचे यश 50 ते 60 टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी असते.’ तर त्याच 102 उत्तरांवरून गुणोत्तर 9 वरून 1.8 वर येते. उलट तो छातीठोकपणे 70 टक्के म्हणाला, तर ते सुमारे 68 लाखांस एक असे त्याच्याविरुद्ध जाते. म्हणजे पुराव्याचे वजन माहितीइतकेच दाव्याच्या नेमकेपणावर ठरते. बेझपंथावरचा जुना आक्षेप हाच आहे, की पूर्वसंभाव्यता बदलली की उत्तर बदलते. मला तो दोषापेक्षा शिस्तीचा भाग वाटतो. दावा करणाऱ्याला आधीच सांगावे लागते, नेमके काय म्हणायचे आहे. मोघम बोलणारा सहजी हरत नाही, पण तो जिंकतही नाही.

उलट टोकाचा धडा इंग्लंडात मिळतो. 2007 मध्ये डेव्हिड व्होआस यांनी इंग्लंड-वेल्सच्या 2001 च्या जनगणनेतल्या एक कोटी जोडप्यांच्या जन्मराशी तपासल्या. हे तर थेट दोघांच्या मेळाचे मोजमाप. एकाच राशीची जोडपी किंचित जास्त निघाली. पण ते ग्रहांचे काम नव्हते, अर्ज भरताना जन्मतारखेच्या रकान्यात झालेल्या चुकांचे होते. माहिती अफाट असली की असला बारीक कचराही रूढ चाचणीला ‘लक्षणीय’ वाटतो. डेनिस लिंडली यांनी 1957 मध्येच दाखवले होते, की माहिती खूप असेल तर एकाच आकड्यावर रूढ चाचणी ‘फरक आहे’ म्हणते आणि जेफ्रीज यांची चाचणी ‘नाही’कडे झुकते.

पुन्हा क आणि म

आता सारसोळ्याचा प्रश्न मांडता येतो. कौशल्य आणि काम, दोन्ही मापे वेगळी ठेवायची. पाहणीला निघण्याआधीच तीन म्हणणी कागदावर लिहायची. पहिले: समाधान मेळावरच ठरते, म्हणजे चारही अटी पाळल्या जातात. दुसरे: समाधान कामाच्या दर्जावर ठरते, कौशल्याशी त्याचा मेळ असो वा नसो. तिसरे: दोन्हींचा वाटा आहे. प्रत्येक म्हणण्याने आपला परिणाम साधारण किती मोठा, हे आधीच बोलून दाखवायचे. मग माहिती आली, की तिघांची एकमेकांशी तुलना करायची आणि कोणाच्या बाजूने कितीस एक, ते जाहीर करायचे. ‘माहिती गप्प आहे’ हेही उत्तर म्हणून छापायचे.

या पद्धतीत पहिले म्हणणे जिंकू शकते. चार समानतेच्या अटी खरोखर पाळल्या जात असतील तर नेमक्या, धारदार दाव्याला पुरावा भरभरून साथ देतो, कारण असा दावा चुकण्याचा धोका पत्करतो. ते हरूही शकते, आणि मग ‘तुमचे गाव नव्या कामात रुळले नाही’ या म्हणण्याआड हलका पगार लपवता येणार नाही. ‘मेळ नाही’ हे वाक्य लोकांवर ढकलायला फार सोपे असते. रिस्लेने नाकांवर ढकलले, बर्लिनमध्ये कवट्यांवर ढकलले गेले, प्रकल्पग्रस्तांच्या बाबतीत ते कुणाच्या ‘मानसिकते’वर ढकलले जाते. प्रत्येक वेळी दोन मापांचा मेळ गृहीत धरला गेला आणि तो नसण्याची शक्यता हिशेबातच घेतली गेली नाही.

घुर्ये, आंबेडकर आणि इरावतीबाई यांनी त्या शक्यतेला तर्काने जागा दिली. जेफ्रीज आणि हुजूरबाजार यांनी तिला गणिताने जागा दिली. नारळीकर-कुंटे-दाभोलकर-घाटपांडे यांनी पत्रिकेसारख्या घरोघरच्या विषयात ती लोकांसमोर आणली. पुढची पाहणी घेऊन कुणी आमच्या गावात आले, तर त्याच्या प्रश्नावलीत कौशल्याचा रकाना वेगळा, कामाचा वेगळा आणि पगाराचा वेगळा आहे का, एवढे आधी पाहावे. वजाबाकी करायला घाई नाही. ती केव्हाही करता येते. एकदा केली की मात्र मूळचे दोन आकडे परत मिळत नाहीत.